मराठीच्या माथी खापर

आमच्या तामसीकडे मूल अडीच-तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही असे दिसले, की आरोपी आधीच ठरलेला असतो. घरात मराठी, शेजारी तेलुगू, गल्लीत दखनी उर्दू, आठवडी बाजारात गोंडी. एवढ्या भाषांच्या गर्दीत बिचाऱ्या लेकराचा गोंधळ उडाला, असा निकाल लगेच लागतो. मग आजी वेखंड उगाळून जिभेला लावते, कोणी पोपटाने उष्टावलेला पेरू आणून देतो. या उपायांनी मूल बोलू लागत नाही हे खरे. पण त्याच्याशी बोलणे तरी कोणी थांबवत नाही. शिकलेल्या माणसांचा उपाय त्याहून जालीम आहे. ते सांगतात, "घरात एकच भाषा ठेवा. मराठी बंद करा."

या सल्ल्याविरुद्ध मला भांडायचे आहे. तो चुकीचा आहे, त्याला शास्त्राचा आधार नाही आणि आपल्या सीमाभागात तो घरेच्या घरे मुकी करतो आहे.

मी जवळून पाहिलेले एक घर सांगतो. नावगाव सांगत नाही. सून पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यातली. बाजारहाटापुरती तेलुगू तिला येते, त्यापलीकडे नाही. थोरली मुलगी दोन्ही भाषा फाडफाड बोलते. धाकटा मुलगा तीन वर्षांचा झाला तरी बोलेना, हाक मारली तर वळून पाहीना. तपासणाऱ्याने कागदावर लिहून दिले की मुलाशी फक्त तेलुगूत बोला. त्या माउलीने आज्ञा पाळली. म्हणजे काय केले? ती गप्प बसली. अंगाईगीत बंद, चिऊ-काऊ बंद, आजीची गोष्ट बंद. मोडक्यातोडक्या तेलुगूत "दा", "तिनु", म्हणजे "ये", "जेव", एवढेच त्या मुलाच्या वाट्याला आले. दोन वर्षे अशी गेली. मग मोठ्या शहरात तपासणी झाली. कान ठीक होते. मूल स्वमग्न होते. एव्हा उपचाराची दोन मोलाची वर्षे मराठी बंद करण्यात खर्ची पडली होती.

थोरली त्याच घरात, त्याच आईच्या मांडीवर, त्याच दोन भाषांत वाढली आणि बोलली, हे कोणाच्याच ध्यानात का आले नाही? दोन भाषांनी मेंदू बिघडत असता तर तिचा आधी बिघडायला हवा होता.

दोन भाषांनी मुलाच्या बुद्धीचा गोंधळ होतो ही समजूत आपल्याकडे पिकलेली नाही, ती बाहेरून आली. १९२३ साली डी. जे. सेअर यांनी वेल्समधील सुमारे १४०० शाळकरी मुलांच्या चाचण्या घेतल्या आणि खेड्यातली वेल्श-इंग्रजी बोलणारी मुले मागे पडतात असे लिहिले. तो निष्कर्ष जगभर पसरला. खुद्द त्यांच्या आकड्यांत शहरातल्या द्विभाषी मुलांमध्ये तसा फरक दिसत नव्हता, हे मात्र फार कोणी सांगितले नाही. खेडे आणि शहर यांतला फरक भाषेच्या खात्यावर मांडला गेला. १९६२ साली एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी माँट्रियलमध्ये एकाच आर्थिक थरातली मुले निवडून तुलना केली, तेव्हा दोन भाषा येणारी मुले मागे नव्हती, उलट पुढे होती. यालाही आता साठ वर्षे होऊन गेली. आपल्याकडच्या सल्ल्यात अजून १९२३ सालच चालू आहे!

मग काही मुले बोलत का नाहीत? कारणे अनेक असतात: ऐकू कमी येणे, बाळंतपणातली इजा, आजार. पण एक कारण अगदी मुळाशी, मेंदू विणला जातो तिथे असते. ते एकदा नीट समजले, की भाषेला दोष देण्याची खोड मोडेल असे मला वाटते.

आपले शरीर पेशींचे. पेशी शेजारी-शेजारी राहतात त्या एकमेकींना धरून ठेवतात म्हणून. १९०७ साली एच. व्ही. विल्सन या अमेरिकन संशोधकाने समुद्रातला स्पंज रेशमी कापडातून दाबून गाळला. पेशी सुट्या झाल्या आणि काही वेळाने स्वतःच पुन्हा एकत्र येऊन त्यांनी स्पंज बांधायला घेतला. पेशीच्या अंगावर धरण्याची काही सोय असली पाहिजे, हे तेव्हापासून दिसू लागले. पुढे जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी अशा प्रथिनांचे एक मोठे कूळ शोधले. त्याला कॅडहेरिन म्हणतात. कॅल्शियम असेल तर ही प्रथिने घट्ट धरतात, नसेल तर पकड सुटते. कोणते प्रथिन कोणत्या पेशीने अंगावर वागवायचे हे जनुके ठरवतात. पकडीची जनुके म्हणतात ती हीच.

मेंदूत या पकडीला फार काम असते. गर्भात चेतापेशी जन्मतात एका ठिकाणी आणि राहायला जातात दुसऱ्या ठिकाणी. आधारपेशींच्या लांब तंतूंना धरत त्या वर चढतात आणि आपापल्या थरात जाऊन थांबतात. मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या बहुतेक चेतापेशी गरोदरपणाच्या मध्यापर्यंत जन्मून झालेल्या असतात. मग प्रत्येक पेशी आपला तंतू लांबवर पाठवते आणि ठरावीक पेशीशी सांधा जोडते. या सांध्यावर एका बाजूला न्यूरेक्झिन नावाचे प्रथिन असते आणि समोरच्या पेशीवर न्यूरोलिगिन. एक कडी, दुसरा कोयंडा. कडी बसली की सांधा पक्का होतो आणि निरोप नीट जातो. न्यूरेक्झिनचा शोध १९९२ साली थॉमस सुडॉफ यांच्या प्रयोगशाळेत लागला, तोही एका विषारी कोळ्याचे विष चेतापेशीवर नेमके कुठे बसते हे शोधताना. जनुके मोजकी, पण ती वेगवेगळ्या प्रकारे कापून-जोडून शरीर या कडीचे हजाराहून अधिक नमुने बनवते.

आता ही कडी घडवणाऱ्या जनुकात चूक असली तर काय होते? २००३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील थॉमस बूर्जेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन स्वीडिश कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन्ही घरांत दोन-दोन भाऊ स्वमग्नतेच्या कमी-अधिक छायेतले होते आणि त्यांच्यात न्यूरोलिगिनच्या जनुकात बिघाड सापडला. ध्यानात घ्या, एकाच घरात चूक तीच, पण एक भाऊ गंभीर स्वमग्न, तर दुसऱ्याचा त्रास सौम्य प्रकारचा. जनुकातली चूक म्हणजे ब्रह्मदेवाचा लेख नव्हे, हे त्याच अभ्यासात दिसते.

याहून बोलके उदाहरण अमेरिकेतल्या आमिश लोकांचे आहे. हे शेतकरी लोक घरी जर्मन वळणाची बोली बोलतात आणि बाहेर इंग्रजी. म्हणजे आपल्यासारखेच दुभाषी. त्यांच्यातल्या काही मुलांना लहानपणी फेफरे येऊ लागत आणि मग आलेले बोलणेही मागे जाई. २००६ साली याचे कारण सापडले. न्यूरेक्झिनच्याच कुळातल्या सीएनटीएनएपी-२ या जनुकाच्या दोन्ही प्रती या मुलांत बिघडलेल्या होत्या. हे जनुक सुमारे २३ लाख अक्षरांचे, माणसाच्या सर्वांत लांब जनुकांपैकी एक. ज्यांच्याकडे बिघडलेली प्रत एकच होती ते आईबाप निरोगी होते. घराच्या दोन्ही भाषा सगळ्यांच्या कानांवर त्याच होत्या, आजारी पडली ती दोन बिघडलेल्या प्रती मिळालेली मुले. आता सांगा, इथे भाषेचा काय अपराध?

आणि एकच भाषा बोलणाऱ्यांचे काय? लंडनमधल्या एका इंग्रजी बोलणाऱ्या घराण्यात तीन पिढ्यांतल्या जवळपास निम्म्या माणसांना शब्द उच्चारणे आणि वाक्य जुळवणे कठीण जात होते. २००१ साली त्याचे कारण ठरले फॉक्सपी-२ हे जनुक. २००८ साली असे दिसले की हे फॉक्सपी-२ त्या पकडीच्या सीएनटीएनएपी-२ जनुकाचा लगाम हातात धरते. भाषेचा जनुकाशी संबंध असा लागतो: बोलण्यासाठी लागणाऱ्या पेशी एकमेकींशी कशा जोडल्या जातील, इथे. त्या पेशींवरून तेलुगू जाते की मराठी, हे कडीला ठाऊक नसते.

शास्त्राचा आधार घ्यायचा तर तो पुरता घ्यावा. उशिरा बोलणाऱ्या सगळ्याच मुलांत असा बिघाड नसतो. कित्येक मुले थोडी उशिरा बोलतात आणि पुढे सगळ्यांच्या बरोबरीने येतात. स्वमग्नतेशी शेकडो जनुकांचा संबंध जोडला गेला आहे. सीएनटीएनएपी-२ मधल्या सर्वसाधारण, अनेकांत आढळणाऱ्या फरकांचा स्वमग्नतेशी दाखवलेला संबंध पुढच्या मोठ्या तपासण्यांत टिकला नाही. तेव्हा रक्ताचा थेंब घेऊन "तुमचे मूल बोलेल की नाही ते सांगतो" असे म्हणणारा कोणी दारात आला, तर त्यालाही वेखंडवाल्याच्याच रांगेत बसवा. भाषेवरचे खापर काढून जनुकावर फोडावे आणि मोकळे व्हावे, एवढ्यासाठी मी हे लिहीत नाही.

कारण दुसऱ्या बाजूनेही एक आवाज येतोच, "मूळच बिघडलेले, मग बोलून काय फायदा?" हा आवाज पहिल्याइतकाच खोटा आहे. सांधे जुळण्याचे काम जन्मानंतर थांबत नाही. पहिल्या काही वर्षांत मेंदू सांध्यांचे अमाप पीक काढतो आणि मग वापरातले ठेवून बाकीची निंदणी करतो. कोणते राहतात? ज्यांचा वापर होतो ते. मुलाला मांडीवर घेऊन केलेली बडबड, हाक, गाणे, हसणे, रागावणे, हे सगळे त्या वापरात येते. ज्या मुलाची कडी मुळातच सैल, त्याला बोलण्याची गरज इतरांहून जास्त. आणि नेमक्या त्याच मुलाच्या आईला आपण सांगतो, तुला येते त्या भाषेत बोलू नकोस!

बरे, अशा मुलांना दोन भाषांचा भार सोसत नसेल, अशी शंका घेता येते. तीही तपासून झाली आहे. कॅनडात २००५ साली डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन भाषांत वाढणारी मुले एका भाषेत वाढणाऱ्यांच्या मागे नव्हती. २०१२ साली माँट्रियलमधून स्वमग्न मुलांचा अभ्यास आला. ७५ मुलांत दोन भाषांमुळे बोलण्यात अधिक उशीर झाल्याचे दिसले नाही. व्हँकुव्हरच्या संशोधकांनी २०१० साली नुकत्या जन्मलेल्या बाळांची परीक्षा घेतली; पोटात असताना ज्यांनी आईच्या दोन भाषा ऐकल्या होत्या, ती बाळे दोन्हींकडे कान देत होती आणि दोन्ही वेगळ्या ओळखत होती. म्हातारपणाचेही ऐका, तेही आपल्याच राज्याच्या राजधानीतून. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध केली. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा झालेला दिसला, आणि निरक्षरांतही हा फरक होता. सगळ्याच देशांच्या पाहण्यांत असा लाभ दिसत नाही, हे खरे. पण लाभ बाजूला ठेवला तरी तोटा कुठे आहे, हे दाखवा ना!

तोटा दाखवता येत नाही, तरी सल्ला चालूच आहे. त्याचे कारण मला शास्त्रात सापडत नाही, भाषांच्या उतरंडीत सापडते. "एक भाषा सोडा" असे सांगणाऱ्याने "इंग्रजी सोडा" म्हटल्याचे मी अजून ऐकलेले नाही. तेलुगू सोडा असेही कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. ती आपल्या शेजाऱ्याची आणि राज्याची भाषा आहे. सोडायची असते ती दर वेळी चुलीजवळची भाषा. इथे मराठी, पलीकडच्या पाड्यावर गोंडी, कोलामी. गोंड आणि कोलाम आयांना हाच सल्ला आपल्यापैकी काही मराठी शहाणे देतात, हेही या निमित्ताने कबूल करून टाकू. ज्या भाषेत नोकरी नाही, ती भाषा मेंदूला जड होते. वा रे वैद्यक!

किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ साली आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले. आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात आहोत. रेषा हलल्या, पण मुलांच्या मेंदूंना त्यांचा काही उपद्रव झाला नाही. इथली मुले पिढ्यान्‌पिढ्या आईजवळ "पाणी" मागत आली आणि शेजारणीकडे "नीळ्ळु". मुळात आपली मराठीच शेजाराने घडलेली आहे. ऐकणाऱ्याला वगळून "आम्ही" आणि त्याला सामावून "आपण", हा भेद तेलुगूत "मेमु" आणि "मनमु" असा आहे. हिंदीच्या एकट्या "हम"मध्ये तो नाही. मराठीत तो द्राविडी भाषांच्या सहवासाने आला, असे भाषेचे अभ्यासक मानतात. दोन भाषांच्या सहवासाने मराठीचे व्याकरण अधिक नेमके झाले, आणि मराठी बोलणाऱ्या लेकराचे डोके म्हणे बिघडते!

खापर फोडण्याची आणखी एक जागा आहे, ती म्हणजे सून. "तिच्या माहेरचे रक्तच तसले." आमिश मुलांचे उदाहरण पुन्हा आठवा. दोन बिघडलेल्या प्रती लागतात तिथे एक आईकडून येते आणि एक बापाकडून. दोष वाटून घ्यायचाच तर अर्धा-अर्धा घ्या. अनेक मुलांत तर चूक आईबापांकडून येतच नाही, त्या गर्भाच्या वेळी नव्यानेच झालेली असते. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. मामाची मुलगी करणे आपल्यात चालते, तेलुगू मुलखात काही समाजांत सख्ख्या भाचीशीही लग्न लागते. अशा नात्यात दोघांकडे बिघडलेली प्रत एकच असण्याची शक्यता वाढते. घरात आधी असे मूल झालेले असेल, तर सोयरीक ठरवण्यापूर्वी जनुकतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. लग्न झाल्यावर सुनेला टोमणे मारून कोणाचे भले होत नाही.

मग करायचे काय? पहिले काम, कान तपासणे. ऐकू येते की नाही हे कळल्याशिवाय पुढचे सगळे तर्क फुकट. दुसरे, वर्षाचे मूल बडबडत नाही, सोळा महिन्यांचे एकही शब्द बोलत नाही, दोन वर्षांचे दोन शब्द जोडत नाही, नावाने हाक मारल्यावर वळत नाही, किंवा आलेले बोलणे कोणत्याही वयात मागे गेले, तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणत थांबू नका. तिसरे, मुलाचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजा. "पाणी", "आई", "अम्मा", "पालु" हे चार शब्द आहेत. तेलुगूचे दोनच धरून मुलाला नापास करणारा परीक्षकच नापास. चौथे, २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीची आणि जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर उपचाराच्या केंद्राची तरतूद आहे. अंगणवाडीत जाऊन विचारा, संकोच करू नका. सिकंदराबादला बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८४ पासून आहे. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणासाठीची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, आणि तिला नाव आहे अली यावर जंग यांचे: जन्माने हैदराबादी, आणि १९७१ ते १९७६ महाराष्ट्राचे राज्यपाल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आणि वाचा-भाषेचे अपंगत्व दोन्ही धरलेले आहे.

पाचवे काम आपल्या साहित्य मंडळांचे आणि संमेलनांचे आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यघटनेचे ३५० (अ) कलम सांगते. ते १९५६ सालीच आले. मराठी शाळा टिकावी म्हणून आपण दरवर्षी ठराव करतो. पण शाळेच्या पायरीपर्यंत न पोचलेल्या, बोलू न शकणाऱ्या मुलाच्या मराठीसाठी आजवर एक तरी ठराव झाला का? वाचा-उपचाराच्या खोलीत चित्रांचे तक्ते मराठीत, गोंडीत, कोलामीत हवेत. तिथे मराठी समजणारे माणूस हवे, आणि ते मिळेपर्यंत आईलाच शेजारी बसवून तिच्या भाषेत उपचार शिकवले गेले पाहिजेत. हे मागण्यासाठी आपल्या एकाही मंडळाने अजून अर्ज केलेला मला माहीत नाही.

आणि तोवर, ज्या आईला कोणी कागदावर लिहून दिले असेल की मराठी बंद करा, तिने तो कागद घेऊन परत जावे आणि शांतपणे विचारावे, "साहेब, याला आधार काय?" उत्तर मिळणार नाही, कारण ते नाही. मग घरी यावे आणि लेकराशी आपल्या तोंडात येईल त्या भाषेत, पोटभर बोलावे.